पहिला अर्धा तास

उत्तम, तुझी तेरवी आज झाली. पाहुणे गेले, मांडव सोडायला माणसं लागली आहेत, आणि मी तुझ्या दारव्ह्याच्या घराच्या ओसरीत तुझ्याच खुर्चीत बसून तुझ्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांपैकी कोणाला तुझ्याबरोबर सारी नोकरी एका टेबलाशी काढावी लागली नव्हती, म्हणून त्यांना ते परवडतं.

चिडायचं कारण सांगते. तू गेलास आणि तुझं काम माझ्या गळ्यात टाकून गेलास. परवा-तेरवा कमलवहिनी चहा घेऊन आल्या. मला कप दिला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. तू गेल्यापासून तुझी बायको धड जेवत नाही, विचारलं तर ‘भूक नाही’ म्हणते, हे मी पाहतच होते. म्हणाल्या, “ताई, यवतमाळचे डाक्टर म्हणले का, अर्धा घंटा आधी आनलं असतं तं चान्स होता. चान्स म्हंजे किती? तुमी दोघायनं उमरभर चान्स मोजाचंच काम केलं ना? मंग मले सांगा. ते वाचले असते का?”

मी सवयीने वेळ मागून घेतला. कार्यालयात अवघड प्रश्न आला की आपण ‘तपासून कळवतो’ म्हणायचो, तसंच झालं. “तेरवीच्या आधी सांगते,” म्हटलं. त्यांनी मान हलवली, उठल्या आणि आत गेल्या.

त्याहून पुढे ढकलता येणार नव्हतं, कारण तेरवीला तुझी मोठी बहीण पुन्हा येणार होती. तुमच्या बंजारा तांड्यावरच्या बायका कशा रडतात ते तुला सांगायला नको. आल्या आल्या घरातलीच्या गळ्यात पडतात, दोघी सुरात रडतात आणि त्या सुरातच सगळं बोलून टाकतात. गेलेल्याचं कौतुक, जुनी भांडणं, कोणाचं काय चुकलं, तेही. तुमची गोरबोली मला अर्धीमुर्धी कळते, तीही तुझ्यामुळेच. पहिल्या दिवशी तुझ्या बहिणीने कमलवहिनींच्या गळ्यात पडून त्याच सुरात विचारलं की माझ्या भावाला घाम फुटला तेव्हा तू काय करत होतीस, जिरं कुटत होतीस का. तिच्या मनात खोट होती असं मला वाटत नाही. दुःखात माणूस हाताला लागेल ते फेकतो. पण सुरात विचारलेल्याचं उत्तर सुरातच द्यायचं असतं, आणि कमलवहिनींना शब्द सापडेना. त्या नुसत्या रडत राहिल्या. उत्तर न देता रडणं म्हणजे कबूल, असं बायका धरून चालतात, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

त्या सकाळचं सगळं त्यांनी मला पुन्हा पुन्हा ऐकवलं आहे. आठवडी बाजाराचा दिवस. आदल्या दिवशी तुम्ही शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन आला होतात. सकाळी पेपर वाचता वाचता तुला घाम आला, छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. वहिनी म्हणाल्या, दवाखान्यात जाऊ. आणि तू, उत्तम, हसलास. “कायले घाबरतं व? शंभरात नव्वद टाइम हे ॲसिडिटीच असते. काल रोडगे किती हाणले, पाह्यलं नाई का? जा, जिऱ्याचं पानी कर.” त्या म्हणाल्या, शैलाताईंना फोन लावू का. तू म्हणालास, “तिले नको लावू. ते लगेच ॲम्ब्युलन्स पाठवीन.”

हे ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणजे मी काय म्हणेन ते तुला ठाऊक होतं. माझं मत तू मनातल्या मनात मागवलंस, वाचलंस आणि बाजूला ठेवलंस, आपल्या सभांमध्ये ठेवायचास तसंच. फरक इतकाच की सभेत मी समोर असायचे.

पुढचं लवकर संपलं. जिऱ्याचं पाणी प्यायलास, आडवा झालास, ‘आता बरं वाटून राह्यलं’ म्हणालास, आणि अर्ध्या तासाने वहिनींनी हाक मारली तर तू ओ दिली नाहीस. शेजाऱ्यांची जीप निघाली ती बाजाराच्या गर्दीत अडकली. यवतमाळच्या दवाखान्यात पोहोचलात तेव्हा डॉक्टरांजवळ करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शंभरात नव्वद. अरे, ते नव्वद बरोबरच असतील. तुझी आकडेमोड चुकली असती तर मी तुला माफ केलं असतं. पण नव्या पोरांना फळ्यापुढे उभं करून कोण शिकवायचं, की नुसती शक्यता पाहू नका, तिला परिणामाने गुणा? जे क्वचित होतं पण झालं तर सगळं घेऊन जातं, त्याच्याकडे आधी पाहा? फळ्यावर लिहून खाली जाड रेघ ओढायचास, खडू मोडेपर्यंत. मग त्या सकाळी उरलेल्या दहांना कशाने गुणायचं ते तुला आठवलं नाही? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दारव्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाने ही चूक केली नसती. दुसरा घाबरला असता आणि घाबरून जीपमध्ये जाऊन बसला असता. छातीवर दगड घेऊन टक्केवारी काढायला तूच पाहिजे होतास.

तुझं हे पहिल्यापासूनचं होतं. कॉलेजात असताना शनिवारी आपण यवतमाळहून दारव्ह्याला यायचो. तू तिथून पुढे तांड्यावर जायचास, मी आमच्या घरी. एकदा स्टँडवर काळीपिवळी जीप उभी होती, आत माणसं कोंबलेली, टपावर पोती, मागे लटकलेली चार पोरं, आणि टायर असा गुळगुळीत की त्यात तोंड पाहावं. मी म्हणाले, मी या टायरवर बसणार नाही. तू म्हणालास, “हे जीप रोज येते-जाते. सालभरात एक डाव बी फुटली नाई. मंग आजच काहून फुटन?” तू लटकून गेलास. मी एसटीची वाट पाहत बसले. एसटी यायची तेव्हा आली, आणि मी दारव्ह्याला उतरले तेव्हा तू स्टँडवर भजी संपवून हात पुसत होतास. “पाह्यलं?” मी म्हणाले, पोहोचलेल्या जीपने काही सिद्ध होत नाही. “मंग न पोचलेली दाखव,” तू म्हणालास. एसटीच्या तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.

पुढे आपण दोघंही एकाच कार्यालयात लागलो. अणुभट्टीला परवाना द्यायच्या आधी तिच्या सुरक्षेचे कागद तपासायचे, हे आपलं काम. घरच्यांना ते कधी नीट समजलं नाही. माझी आई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची की आमची शैला बॉम्बच्या कारखान्यात आहे. तुझी आई, तुझी याडी, तर सांगायची की उत्तम तिथे झाडं काढतो. तिला वाटायचं झाडं म्हणजे बागेतली. तरी ती खऱ्याच्या जास्त जवळ होती.

कारण तू खरंच झाडं काढायचास. माझी रीत जुनी. वाईटातले वाईट अपघात आधी ठरवायचे, मोठा पाइप फुटला, बाहेरची वीज गेली. नेमकं त्याच वेळी आणखी एक यंत्र बंद पडलं असं वरून धरायचं. एवढं होऊनही भट्टी तगते का पाहायचं. तगली तर पुढे या, नाही तर परत जा. तुला या रीतीचा कंटाळा होता. तू म्हणायचास, तुम्ही मोठ्या पाइपाकडे डोळे लावून बसाल आणि तिकडे एक साधा व्हॉल्व्ह, एक चुकीचा दिवा आणि एक दमलेला माणूस मिळून भट्टी घालवतील. म्हणून तू कागदावर फांद्या काढायचास. हे बिघडलं तर ही फांदी, नाही बिघडलं तर ती. प्रत्येक फांदीवर आकडा, असं किती वर्षांतून एकदा होईल. शेवटी सगळ्या वाईट फांद्यांची बेरीज, आणि ती बेरीज पुरेशी लहान आहे का, हा तुझा प्रश्न.

कागद जोडून जोडून तुझी झाडं टेबलावरून खाली लोंबायची. मी एका पंपावर बोट ठेवून विचारायचे, हा आकडा कुठून आणला? तर परदेशातल्या पंपांचा. मग तिथली धूळ, तिथलं पाणी, तिथले फिटर आपल्यासारखेच आहेत का? “मंग तुह्याजोळ काय हाय?” तू म्हणायचास. “एक तं आकडा दे, नाई तं बस.” माझ्याजवळ आकडा नसायचा. पण मी बसायचे नाही.

आणि तो अर्धा तास. जुन्या रीतीत एक नियम होता, तुला जन्मभर खुपलेला. अपघात सुरू झाल्यापासून पहिला अर्धा तास नियंत्रण कक्षातल्या माणसाने काही केलं असं धरायचंच नाही. यंत्रणेने स्वतःच निभावायचं. एका भट्टीच्या कागदांत लिहिलं होतं की पाणी कमी झालं तर ऑपरेटर लगेच राखीव व्हॉल्व्ह उघडेल. मी ते लाल पेनने खोडलं. पहिल्या अर्ध्या तासात तो व्हॉल्व्ह आपोआप उघडायची सोय करा, मग या. तू माझ्यापेक्षा मोठ्याने बोललास. “एकोनतिसाव्या मिन्टाले मानूस आंधळा अन् एकतिसाव्याले डोळस? असा कोनता मानूस असते व? हळूहळू त्याले समजत जाते. त्याची रेघ काढ ना, वेळ वाढला का चूक कमी होत जाते अशी रेघ.” मी म्हणाले, “तुह्या रेघेले टेकून कोनी उभं राहू शकत नाही. मले भिंत पाह्यजे.” अध्यक्षांनी चहा मागवला. अध्यक्ष आपल्या दोघांच्या वादात फार चहा प्यायचे.

नियम टिकला, व्हॉल्व्हला आपोआप उघडायची सोय झाली, आणि तू दुपारच्या डब्यातली जवसाची चटणी नेहमीसारखी माझ्या बाजूला सरकवली नाहीस. काही दिवसांनी तूच एक कागद आणून माझ्यापुढे टाकलास. माझी ती सोय धरून तू सगळं झाड पुन्हा मोजलं होतंस. बेरीज अगदी किंचित कमी झाली होती. “तुह्या अर्ध्या तासानं इतकंच भेटलं,” म्हणालास. तेव्हापासून कार्यालयात मी ‘अर्ध्या तासाची बाई’ झाले. शिपायापर्यंत ते नाव पोहोचवायची मेहनत तूच घेतलीस.

पण त्याच सभेत तू आणखी एक बोलला होतास. चहा यायच्या आधी, जरा खालच्या आवाजात. “मानूस काईच करत नाई, त्याची मले भीती नाई. त्याले वाटते का मले समजलं. मंग समोरचा दिवा लाल झाला तरी तो म्हनते दिवाच खराब हाय. त्याची भीती हाय.” मी ते माझ्या शेऱ्यात जसंच्या तसं घातलं, फक्त वऱ्हाडी काढून. आता सांग, घामाने भिजलेला सदरा म्हणजे लाल दिवा नाही तर काय होता? आणि तो खराब आहे असं कोण म्हणालं?

तुझ्यावर धड चिडूही देत नाहीस, हा आणखी एक वैताग. मध्येच तो पंखा आठवतो. एका भट्टीत संकटकाळचे दोन पंप होते, दोन वेगळ्या खोल्यांत, मध्ये जाड भिंत. माझ्या रीतीने मी ते पास केले होते. एक बंद पडला तर दुसरा आहे. तुझ्या झाडात मात्र दोन्ही फांद्या खाली जाऊन एका ठिकाणी मिळाल्या. दोन्ही खोल्यांना थंड हवा देणारा पंखा एकच होता. तो बंद पडला की दोन्ही पंप तापणार आणि एकामागोमाग एक थांबणार. हे सभेत सांगून तुला माझं पाणी उतरवता आलं असतं. तू आदल्या दिवशी माझ्याकडे आलास, ती फांदी दाखवलीस आणि म्हणालास, “तुह्या पत्रात टाक. मले वेळ नाई.” तुला भरपूर वेळ होता. त्या दुपारी तू खिडकीत उभा राहून शेंगा खात होतास, मी पाहिलं. मी पत्र लिहिलं, दुसरा पंखा बसला, शाबासकी मला मिळाली. तुला धन्यवाद म्हणायचं राहून गेलं. म्हटले असते तर तू विचारलं असतंस, किती टक्के.

आणि एवढा पंखा शोधून काढणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर स्वतःच्या विहिरीवर काय केलं? दोन मोटारी बसवल्या. “एक गेली तं दुसरी हाय,” असं मला फोन करून सांगितलंस, वर हसलास. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत डीपी जळाली, शेतातली सगळी वीज जिथून येते ती पेटीच, आणि तुझ्या दोन्ही मोटारी तिच्यावरच. मी यवतमाळच्या माझ्या घरून खास हसायला आले होते. तू बांधावर बसून म्हणालास, “डीपी कवा जळन याचा आकडा कोनाजोळच नाई. मी कुठून आनू?” कमलवहिनी भाकरी घेऊन आल्या तेव्हा मी पोट धरून बसले होते, आणि त्यांना वाटलं मला काही झालं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

शेवटचं बोलणंही अर्धवटच राहिलं. त्या बाजाराच्या आधीच्या आठवड्यात तुझा फोन आला. नव्या लहान भट्ट्यांबद्दल कुठेतरी वाचलं होतंस. काही बिघडलं तरी त्यांना बराच वेळ माणसाची गरजच लागत नाही, आपोआप थंड राहतात, असा त्या बनवणाऱ्यांचा दावा. “मंग तुहा अर्धा तास गेला ना उडत,” खूष होऊन म्हणालास. मी म्हणाले, उलट, त्यांनी माझाच नियम लांबवलाय, अर्ध्या तासाचे दिवस केलेत. “वा व वा,” तू म्हणालास, “आपला तो बाब्या.” मी म्हणाले, ये यवतमाळला, बसून निकाल लावू. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं आणि मी फोन ठेवला. नंतर लावते म्हणाले. दूध काय, पुसता आलं असतं.

तर वहिनींचा प्रश्न. काल दुपारी मी कॅलेंडरचं एक जुनं पान उलटं केलं आणि तुझं झाड काढायला बसले. हो, मीच. तू पाहिलं असतंस तर पेढे वाटले असतेस. पहिली फांदी, वहिनी जिरं कुटत नाहीत आणि जीप बोलावतात. दुसरी, तू ऐकतोस आणि जीपमध्ये बसतोस. तिसरी, बाजाराच्या गर्दीतून जीप सुटते. चौथी, यवतमाळला लगेच हृदयाचे डॉक्टर भेटतात. पाचवी, तुझ्या छातीत जे तुंबलं होतं ते औषधाने सुटतं. कुठल्याच फांदीवर लिहायला माझ्याजवळ आकडा नव्हता. फक्त दुसऱ्या फांदीबद्दल अनुभव दांडगा होता. ‘उत्तम ऐकतो’, तिथे मी जवळपास शून्य लिहिलं. मग पान फाडून टाकलं. ते वहिनींना दाखवून काय सांगणार होते, की तुमचा नवरा हट्टी होता? ते त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं, आणि त्यांनी ते विचारलंही नव्हतं.

पण फाडता फाडता एक गोष्ट लक्षात आली, ती तुला सांगायची आहे. त्या अर्ध्या तासाच्या नियमासाठी मी इतकी भांडले, पण तो मला नेहमी कडकच वाटत आला. त्यात दयाही आहे. त्या वेळात माणसाकडून कशाची अपेक्षाच ठेवायची नाही, तर त्याच्या माथी दोषही मारता येत नाही. दिवे लागतायत, भोंगे वाजतायत, समोरचा माणूस हसून सांगतोय की काही नाही झालं, आणि या गोंधळात कोणीतरी बरोबर तेच करेल, असं धरणंच अन्यायाचं आहे. हे मला सभेत बोलता आलं असतं तर कदाचित तूही मानलं असतंस. निदान चटणी तरी दिली असतीस.

आज सकाळी वहिनी मागच्या अंगणात एकट्या सापडल्या. मी त्यांना आधी हेच सांगितलं, नियम, त्यातली दया, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. “तो नियम मशिनीच्या खोलीतला हाय ताई,” म्हणाल्या. “मी तं घरात होती.” मग मी फांद्यांकडे वळले. गर्दी नसती तर असं, डॉक्टर असते तर तसं, काही सांगता येत नाही, काही प्रमाणात शक्यता होती, पण ती किती. माझ्या तोंडून तूच बोलत होतास, आणि तुझ्याहून वाईट बोलत होतास. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“म्हंजे तुमाले बी माईत नाई.”

त्यांचा चेहरा पाहिला, उत्तम. तू पाहिला नाहीस, म्हणून सांगते. त्या चेहऱ्यावर आता कसलाच प्रश्न नव्हता. माहीत नाही याचा अर्थ त्यांनी लावून टाकला होता, आणि तो अर्थ घेऊन त्या राहिलेलं आयुष्य काढणार होत्या.

“नसते वाचले,” मी म्हणाले.

“अर्धा घंटा आधी नेलं असतं तरी?”

“तरी.”

“पक्कं?”

“पक्कं.”

त्या म्हणाल्या, “ह्यायनं असं एका शब्दात कधीच सांगतलं नसतं.”

“नसतं सांगितलं.”

“तुमी खोटं बोलून राह्यल्या का ताई?”

पदराचं टोक त्यांनी दोनदा पिळलं आणि सोडलं. “असू द्या,” म्हणाल्या. “कोनी इचारलं तं मी तुमचं नाव सांगीन.”

मी हो म्हणाले. आपण दिलेल्या परवान्यांचंही शेवटी असंच व्हायचं ना? तुझे आकडे संपायचे, माझे नियम संपायचे, आणि तरी थोडंसं उरायचं, ज्याचं उत्तर दोघांजवळ नसायचं. त्याच्याखाली कोणीतरी आपलं नाव घालायचं, म्हणजे बाकीच्यांना झोप लागायची.

दुपारी तुझी बहीण आली. वहिनींच्या गळ्यात पडली, सूर लागला, आणि पुन्हा तेच, माझ्या भावाला का नाही नेलं. या वेळी वहिनींनी उत्तर दिलं. गोरबोलीत, सुरात, लांबवत. त्याच्याबरोबर शिकलेली, त्याच्याबरोबर नोकरी केलेली बाई ओसरीत बसली आहे, ती म्हणते तो वाचणारा नव्हता, अर्ध्या घंट्याने नाही, एका घंट्याने नाही, मी खांद्यावर घेऊन पळाले असते तरी नाही. यातलं एका घंट्याचं आणि खांद्याचं मी म्हणालेच नव्हते. तुझ्या बहिणीने ते ऐकलं, तिचा सूर जरा थांबला, आणि मग तिने तेच शब्द आपल्या रडण्यात घेतले. तिच्यामागच्या बायकांनीही घेतले. माझं वाक्य एव्हाना तांड्यावर पोहोचलं असेल. पंगत बसली तेव्हा दोघी शेजारी बसल्या, आणि बहिणीने वहिनींच्या पानात पुरी वाढली. त्यांनी ती खाल्ली.

ना आकडा, ना पुरावा, ना तपासणी. साऱ्या नोकरीत असलं वाक्य मी कोणाचं खपवून घेतलं नाही, आणि तू तर माझं एकही वाक्य सरळ जाऊ दिलं नाहीस. माझं ‘शुभ प्रभात’सुद्धा तू तपासून घ्यायचास. आज माझं हे वाक्य भर मांडवात, सगळ्यांदेखत मंजूर झालं. कोणी विचारलं नाही, हे कायच्यावरून म्हनतं व तू. कोणी फांदी दाखवली नाही. मला एवढा वेळ वाटत होतं की मी तुझ्यावर जिऱ्याच्या पाण्यासाठी चिडले आहे.

उत्तम, हरकत घे ना.